पिसातला पारा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो?

समुद्रातील पाऱ्याच्या प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी समुद्रपक्ष्यांचा उपयोग करावा की नाही, हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो ती मला दोन्ही बाजूंनी सदोष वाटते. एक बाजू पक्ष्याला जवळजवळ उपकरण मानते: पिसातला पारा वाढला म्हणजे समुद्रातला पारा वाढला, घटला म्हणजे घटला, आणि हे सारे जहाजांच्या मोहिमांपेक्षा कितीतरी स्वस्तात कळते. दुसरी बाजू म्हणते की पक्षी हजारो किलोमीटर भटकतो, मिळेल ते खातो, ठरावीक काळाने पिसे टाकतो आणि विषाचा काही भाग स्वतःच्या यकृतात निष्प्रभ करतो. अशा प्राण्याच्या अंगातला आकडा धोरणाचा आधार कसा होऊ शकेल? त्यापेक्षा हवा मोजा, पाणी मोजा. पहिल्या बाजूचा उत्साह भाबडा आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शंका बहुतांशी खऱ्या आहेत. तरीही त्या शंकांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. पाण्यात पारा किती आहे, हे पक्षी सांगत नाही. त्या पाऱ्यापैकी किती अन्नात उतरला, हे तो सांगतो; आणि पाऱ्याची चिंता मुळात ज्या कारणासाठी करायची, ते कारण हेच आहे.

या वादाला आज निकड आली आहे ती एका आंतरराष्ट्रीय बांधिलकीमुळे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ साली स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. अमलात आल्यापासून सहा वर्षांच्या आत त्याच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन सुरू झाले पाहिजे, असे त्याचे २२वे कलम सांगते, आणि १९व्या कलमात ज्या सजीवांमधील पारा मोजायचा त्यांत मासे, सागरी सस्तन प्राणी आणि समुद्री कासवे यांच्याबरोबर पक्ष्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पक्ष्यांना या कामात स्थान आहे की नाही, हा प्रश्न म्हणून कागदावर केव्हाच निकालात निघाला आहे. ते स्थान गंभीरपणे द्यायचे, की अहवालाच्या शोभेसाठी दोन छायाचित्रांपुरते ठेवायचे, एवढाच प्रश्न उरला आहे.

ज्या गावाचे नाव या कराराला दिले आहे, तिथला इतिहास या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने दूषित झालेले मासे खाऊन जो रोग झाला, त्याची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. पण त्याआधीच तिथल्या मांजरी झटके येऊन नाचल्यासारख्या वेडीवाकडी हालचाल करत मरत होत्या आणि कावळे उडता उडता खाली पडत होते. १९५९च्या अखेरीस हा कारखाना चालवणाऱ्या चिस्सो कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा गाजावाजा करून सुरू केली. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसत होते. पण सेंद्रिय पारा काढून टाकण्याची क्षमता तिच्यात नव्हतीच, हे पुढे उघड झाले. आपण असेंद्रिय पारा वापरतो, मग सेंद्रिय पाऱ्याने होणाऱ्या रोगाची जबाबदारी आपल्यावर कशी येईल, असाही कंपनीचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी कारखान्याच्या रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला खायला घातले. ‘क्रमांक ४००’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या मांजराला तोच रोग झाला, आणि तो निष्कर्ष दडपला गेला. रोगाचे कारण सरकारने अधिकृतपणे मान्य करेपर्यंत १९६८ साल उजाडले. पाण्याच्या शुद्धतेबद्दल वाद घालायला बारा वर्षे जागा मिळाली, कारण जे खाणाऱ्याच्या शरीरात स्पष्ट दिसत होते ते पुरावा म्हणून कुणी मोजायला तयार नव्हते.

मग पाणी मोजूच नये का? अवश्य मोजावे. परंतु खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात एकूण पारा साधारणतः एका ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कमी असतो, आणि त्यातला मिथाइल पारा, म्हणजे अन्नसाखळीत चढत जाणारा घातक सेंद्रिय भाग, त्याहून पुष्कळ कमी. इतकी सूक्ष्म मात्रा मोजताना बाटली, हातमोजे, जहाजावरची हवा यांतला पाराच नमुन्यात शिरण्याचा धोका असतो, आणि १९८०च्या सुमारास नमुने घेण्याच्या अतिस्वच्छ पद्धती रूढ होण्यापूर्वीची बहुतेक मोजमापे नेमक्या याच कारणाने निरुपयोगी ठरली आहेत. याचा अर्थ असा की १९५० साली किंवा १९०० साली समुद्राच्या पाण्यात किती पारा होता, हे सांगणारी पाण्याची नोंद अस्तित्वातच नाही, आणि ती आता कुठल्याही खर्चाने तयार करता येणार नाही. पक्ष्याच्या पिसात मात्र पारा सहसा एका ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावा लागतो. समुद्राच्या पाण्याशी तुलना केली तर ही वाढ कोटीच्या घरातली आहे; ती सूक्ष्म वनस्पतींपासून झिंग्यांसारख्या जीवांत, त्यांच्यापासून लहान माशांत आणि माकुळांत, आणि तिथून पक्ष्यात अशी पायरीपायरीने झालेली असते. जे निसर्गाने आधीच गोळा करून ठेवले आहे ते मोजायला सोपे असते, हे तर उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे हे की ते जुन्या काळातलेही उपलब्ध आहे.

पीस हे काम कसे करते, हे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण आक्षेपांचे मूळही तिथेच आहे आणि उत्तरही. एका पीसगळीपासून पुढच्या पीसगळीपर्यंत पक्षी जे खातो त्यातला मिथाइल पारा त्याच्या स्नायूंत आणि इतर ऊतींत साठत राहतो. नवे पीस वाढू लागले की रक्तावाटे तो तिथे पोहोचतो आणि पिसातल्या केराटिन या प्रथिनातील गंधकाला घट्ट चिकटतो. शरीरातल्या एकूण पाऱ्याचा मोठा हिस्सा, बऱ्याच जातींमध्ये निम्म्याहून कितीतरी अधिक, अशा रीतीने पिसांत जातो. वाढ पूर्ण झाल्यावर पिसाचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती नोंद तिथेच बंद होते. प्रयोगशाळेत पृष्ठभागावरचे तेल आणि धूळ जाण्यासाठी ते पीस क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात धुतात, वाळवतात, बारीक कातरतात. त्यातले काही मिलिग्रॅम भट्टीत जाळून निघालेली पाऱ्याची वाफ सोन्यावर पकडतात आणि ती पुन्हा मोकळी करून प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात. पक्ष्याला इजा न करता अंगावरची चार-पाच लहान पिसे घेतली तरी एवढे सगळे होते. शंभर वर्षांपूर्वी कुणी मारून पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याचे पीसही याच भट्टीत जाते, आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख असतेच.

जुन्या संग्रहांच्या या उपयोगाला चांगला पूर्वेतिहास आहे. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत आहेत, हे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवले, ते ब्रिटनमधील हौशी संग्राहकांनी दशकानुदशके जमवलेल्या अंड्यांच्या आधारे. कवचाची घट १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली होती, हे तेव्हा कुणी मोजत नसतानाही नंतर कळू शकले. स्वीडनमध्ये बियाण्यांना पारायुक्त औषध लावण्याची पद्धत होती. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासाने संग्रहालयातील पक्ष्यांची पिसे तपासून दाखवले की १९४०पूर्वी जवळजवळ स्थिर असलेला पारा त्यानंतर झपाट्याने चढला, आणि त्याच वर्षी तिथे त्या औषधावर बंदी आली. ही उदाहरणे जमिनीवरच्या पक्ष्यांची आहेत, हे मान्य. पण समुद्राकडे वळल्यावर युक्तिवाद दुबळा होत नाही. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील आयव्हरी गल या कुरवाच्या १८७७ ते २००७ या काळातल्या पिसांमध्ये मिथाइल पारा सुमारे ४५ पटींनी वाढलेला आढळला, आणि त्याच पिसांवरून पाहता त्या पक्ष्याचा आहार मात्र बदललेला दिसला नाही. ही माहिती दुसऱ्या कुठल्या साधनाने मिळाली असती, ते आक्षेपकांनी सांगावे.

आता आक्षेपांकडे येतो. त्यांतले काही चांगलेच वजनदार आहेत. पहिला, पक्षी फिरतो. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी एका वर्षात अख्खा महासागर पालथा घालतो, तेव्हा त्याच्या पिसातला पारा कुठला, हे कसे ठरवायचे? काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. आज पायाच्या कडीवर बसणाऱ्या, काही ग्रॅमच्या प्रकाशनोंदणी यंत्रावरून पक्षी कोणत्या महिन्यात कुठे होता हे कळते, आणि वेगवेगळी पिसे वेगवेगळ्या ऋतूंत वाढत असल्याने एकाच पक्ष्याकडून दोन ठिकाणचा हिशेब घेता येतो. लिटल ऑक या आर्क्टिकमधील छोट्या पक्ष्याची डोक्यावरची पिसे विणीआधी येतात आणि अंगावरची विणीनंतर. ग्रीनलंडमध्ये वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या डोक्यावरच्या पिसांत अंगावरच्यांपेक्षा साडेतीन पट पारा सापडला, म्हणजे त्यांच्यावरचे ओझे प्रामुख्याने हिवाळ्यातल्या मुक्कामाचे होते. पिले तर याहून सोपी: त्यांची पिसे ज्या अन्नापासून घडतात ते आईबापांनी वसाहतीच्या आसपासच्या समुद्रातून आणलेले असते. अंडे मादीने घालण्यापूर्वी काय खाल्ले ते सांगते, रक्त गेल्या काही आठवड्यांचे सांगते. म्हणजे ‘पक्षी फिरतो’ हा आक्षेप खरा असला तरी तो कोणत्या पक्ष्याचा, कोणता भाग, कधी घ्यायचा हे न ठरवता घेतलेल्या नमुन्यांना लागू पडतो. ठरवून घेतलेल्या नमुन्यांच्या बाबतीत पक्ष्याचे फिरणे हीच माहिती होते.

दुसरा आक्षेप आहाराचा, आणि माझ्या मते तो सर्वांत खोल जातो. समुद्रातला पारा तितकाच राहिला आणि पक्षी झिंग्यांऐवजी मोठे मासे खाऊ लागला, तरी पिसातला आकडा वाढेल. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मेनच्या आखातातील माशांवरच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हेच दाखवले: अतिमासेमारीमुळे तिथले हेरिंग घटले, त्यामुळे कॉड आणि डॉगफिश यांचे खाणे बदलले, आणि त्यांच्यातला मिथाइल पारा परस्परविरुद्ध दिशांनी सरकला. मग पक्ष्याच्या आकड्यावरून कारखान्यांच्या धुराड्यांविषयी निष्कर्ष कसा काढायचा? यावरचे नेहमीचे उत्तर म्हणजे त्याच पिसातील नायट्रोजन आणि कार्बन यांची स्थिर समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू, मोजणे. नायट्रोजनवरून पक्षी अन्नसाखळीत किती वर खात होता आणि कार्बनवरून साधारण कोणत्या पाण्यात, हे कळते. पण हे उत्तर जितक्या सहजपणे दिले जाते तितके निर्दोष नाही, हे पक्ष्यांचा पुरस्कार करणाऱ्यांनी कबूल केले पाहिजे. पिसातली समस्थानिके पीस वाढत असतानाच्या काही आठवड्यांचा आहार दाखवतात, तर पारा मागच्या पीसगळीपासूनचा सारा साठा दाखवतो. एकाच पिसात दोन वेगळ्या कालावधींच्या नोंदी असतात आणि त्या एकमेकींशी जुळवताना गफलत होऊ शकते. म्हणूनच पिलांची पिसे आणि रक्त, जिथे हे दोन्ही कालावधी बऱ्याच अंशी एक होतात, त्यांना नव्या निरीक्षणात प्राधान्य मिळावे, असे मला वाटते. प्रौढांची पिसे मुख्यतः इतिहासासाठी.

आणखी एक गोष्ट इथे सुटते. आहार बदलल्यामुळे वाढलेला पारा हा ‘खोटा’ पारा नसतो. समुद्र तापला, मासेमारीने अन्नसाखळीची घडी विस्कटली आणि त्यामुळे खाणाऱ्याच्या ताटात अधिक विष आले, तर ज्याच्या ताटात ते आले त्याला कारण काय होते याने फरक पडत नाही. कराराचा घोषित उद्देश माणसांचे आरोग्य आणि पर्यावरण यांचे संरक्षण हा आहे. उत्सर्जन घटूनही खाणाऱ्यापर्यंत पोहोचणारा पारा घटला नाही, तर ती बातमी कळणे उत्सर्जनाचे आकडे कळण्याइतकेच गरजेचे नाही का? अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर वीण करणाऱ्या दोन पक्ष्यांच्या पिसांची १९९७ साली प्रसिद्ध झालेली तुलना मला यासाठी फार बोलकी वाटते. पृष्ठभागाजवळच्या भक्ष्यावर जगणाऱ्या कोरीज शिअरवॉटरमध्ये शतकभरातली वाढ मंद होती. खोल पाण्यातून रात्री वर येणारे जीव खाणाऱ्या बुल्वर्स पेट्रेलमध्ये ती कितीतरी वेगवान होती. एकाच बेटावरचे दोन पक्षी दोन उत्तरे देतात, म्हणून पद्धत अविश्वसनीय, असे म्हणता येईल. पण मिथाइल पारा मोठ्या प्रमाणावर तयार होतो तो प्राणवायू कमी असलेल्या खोल थरांत, हे लक्षात घेतले की दोन उत्तरांमधला फरक हाच त्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष ठरतो. पाण्याचे काही नमुने घेऊन तो एवढ्या दीर्घ काळासाठी कधीच मिळाला नसता.

शरीर पाऱ्याला निष्प्रभ करते, या आक्षेपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मोठे अल्बट्रॉस यकृतात मिथाइल पाऱ्याचे सेलेनियमबरोबरच्या अविद्राव्य संयुगात रूपांतर करतात हे खरे. त्यांची पीसगळ संथ असल्याने त्यांना ते करावेच लागते. म्हणून यकृत मोजून जातीजातींची तुलना करू नये, एवढाच त्याचा अर्थ. एकाच जातीचा, एकाच वयाचा, एकच अवयव वर्षानुवर्षे मोजला तर हा दोष तुलनेत येत नाही. संग्रहालयातल्या नमुन्यांवर पूर्वी कीड लागू नये म्हणून पाऱ्याचे क्षार लावत, हा धोकाही असाच ओळखीचा आहे. काळ्या पायांच्या अल्बट्रॉसच्या १२० वर्षांच्या पिसांचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच एकूण पारा न मोजता फक्त मिथाइल पारा मोजला. तो क्षार असेंद्रिय असतो, पक्ष्याने खाल्लेला पारा सेंद्रिय. दोन्ही वेगळे काढता येतात. एकूण पाऱ्यावर भिस्त ठेवली असती तर औषध फासलेल्या जुन्या पिसांमुळे भूतकाळच अधिक प्रदूषित दिसला असता, आणि तसल्या आकड्यावर कुणी समाधानाचा लेखही लिहिला असता.

मग मासेच का मोजू नयेत, शेवटी माणूस मासेच खातो? हा प्रश्न योग्य आहे, आणि ट्यूनासारख्या माशांची मोजणी चालू राहिलीच पाहिजे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १९७१पासून ट्यूनामधला पारा जवळपास स्थिर असल्याचे दिसले, जरी त्या काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेतले उत्सर्जन घटले होते. समुद्राच्या खोल थरांत साचलेला जुना पारा वर येत राहतो, हे त्याचे संभाव्य कारण. पण माशाचे वय आणि लांबी यांनुसार पारा बदलतो, तो पकडला गेला त्या ठिकाणी परत येण्याचे त्याच्यावर बंधन नाही, आणि प्रत्येक नमुन्यासाठी तो मारावा लागतो. समुद्रपक्षी दरवर्षी त्याच कड्यावर, बहुधा त्याच घरट्यावर येतो. कडी घातलेल्या पक्ष्याचे वय, जोडीदार, पिलांची संख्या हे सारे माहीत असते. त्यामुळे पारा किती आहे याबरोबरच तो काय करतो हेही पाहता येते. दक्षिण महासागरातील भटक्या अल्बट्रॉसमध्ये अधिक पारा असलेल्या पक्ष्यांचे प्रजनन दीर्घकाळात खालावलेले आढळले आहे. माशांच्या बाबतीत अशी व्यक्तिगत कुंडली मांडणे जवळजवळ अशक्य असते.

कोळशाच्या खाणीतल्या कॅनरी पक्ष्याची उपमा या चर्चेत हटकून येते, आणि तिने नुकसानच केले आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सूचनेवरून खाणींत नेलेला कॅनरी विषारी वायूने कोसळला की माणसांनी बाहेर पळायचे. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६मध्ये बंद झाली, कारण विद्युत उपकरणे ते काम अधिक चांगले करू लागली. समुद्रपक्ष्याकडूनही असाच इशारा अपेक्षित धरला की तो निकामी ठरतो, कारण तो कोसळत नाही. पारा अंगात घेऊन दशकानुदशके जगतो. त्याच्याकडे साक्षीदार म्हणून पाहिले पाहिजे, ज्याची उलटतपासणी करावी लागते. तो कुठे होता, काय खात होता, त्याची साक्ष कोणत्या काळाची आहे, हे विचारल्याशिवाय ती स्वीकारू नये, आणि हे प्रश्न अवघड आहेत म्हणून त्याला न्यायालयाबाहेरही उभे करू नये.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. दीर्घ मालिका आहेत त्या बहुतेक श्रीमंत देशांच्या आवाक्यातल्या वसाहतींच्या: कॅनडाच्या आर्क्टिकमधील प्रिन्स लिओपोल्ड बेटावरची १९७५पासूनची अंडी, उत्तर अटलांटिकमधली बेटे, दक्षिण महासागरातील फ्रेंच बेटे. संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यमापनानुसार २०१५ साली माणसांनी हवेत सुमारे २,२२० टन पारा सोडला, त्यातला सुमारे ३८ टक्के लहान प्रमाणावरच्या सोनेखाणकामातून आला. आणि हे खाणकाम मुख्यतः उष्णकटिबंधात चालते, जिथल्या समुद्रपक्ष्यांच्या मालिका अत्यल्प आहेत. जिथून पारा निघतो तिथले साक्षीदार आपण तपासलेलेच नाहीत. पण यावरून पक्षी सोडून द्यावेत असे निघत नाही. हवेच्या निरीक्षणकेंद्रांचा नकाशाही असाच एका बाजूला कललेला आहे, म्हणून हवा मोजणे कुणी सोडलेले नाही. तसेच, हवेत पारा काही महिने ते वर्षभर राहतो आणि समुद्रात त्याहून कितीतरी अधिक काळ, म्हणून उत्सर्जन घटले तरी पिसे ते लगेच दाखवणार नाहीत. ज्याला पाच वर्षांत करार यशस्वी की अयशस्वी असा निकाल हवा आहे, त्याने हवेकडे आणि उत्सर्जनाच्या नोंदींकडे पाहावे. पक्ष्यांच्या आकड्यांवरून असा निकाल घोषित करणारा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, पक्ष्यांचा दुरुपयोग करतो.

याच संथपणामुळे काम आता सुरू करण्याला महत्त्व आहे. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, आणि १९६४ साली पैशाअभावी ती मालिका काही महिने खंडित झाली. ती तेव्हा कायमची बंद पडली असती तर पुढच्या पिढीने ती कुठून आणली असती? समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत धोका दुहेरी आहे, कारण पैसा आटला तर मालिका तुटते आणि पक्षी संपला तरी तुटते. ज्या समुद्रपक्ष्यांच्या संख्येवर लक्ष ठेवले जाते, त्यांची संख्या १९५० ते २०१० या काळात सुमारे ७० टक्क्यांनी घटली, आणि २०२२मधल्या बर्ड फ्लूने स्कुआ आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यांच्या मोठमोठ्या वसाहती विरळ केल्या. तेव्हा माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक महासागरात, उष्णकटिबंध धरून, काही वसाहती निश्चित कराव्यात. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागावर खाणारा एक आणि खोल पाण्यातले भक्ष्य खाणारा एक अशा दोन जाती घ्याव्यात. पिलांचे पीस आणि रक्त ठरलेल्या आठवड्यात, ठरलेल्या पद्धतीने घ्यावे. आणि विश्लेषणासाठी आज पैसे नसतील तरी पिसे चिठ्ठीसह लिफाफ्यात घालून कोरड्या जागी ठेवावीत. पिसाला शीतगृह लागत नाही, आणि विश्लेषण वीस वर्षांनीही करता येते. या वर्षी न घेतलेले पीस मात्र तेव्हा घेता येणार नाही.